सरावाचा पेशंट

ऑर्विलने खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आपण तिशीतली शाळामास्तरीण असल्याचं जाहीर केलं.

टेबलापलीकडे त्याची सून रेने कागद सावरत बसली होती. साखरेच्या डब्याला टेकवलेला तिचा फोन दोघांचं चित्रीकरण करत होता. ऑर्विल पंचाहत्तरी उलटलेला, दाराच्या चौकटीखालून वाकून येणारा गडी. जन्मभर बीट पिकवून साखर कारखान्याला घातलेलं. पण सरावाच्या मुलाखतीसाठी कॉलेजने पाठवलेल्या पेशंटच्या कार्डावर वर्गात पाऊल टाकताना छातीत धडधडणारी मास्तरीण होती आणि ऑर्विलला त्यात काहीच अडचण दिसत नव्हती. चर्चच्या नाताळच्या नाटकात तो वर्षानुवर्षं योसेफ-मारियाला दारातून परत पाठवणाऱ्या सराईवाल्याचं काम करत आला होता. मूळ संहितेत त्याला ‘जागा नाही’ एवढंच वाक्य होतं. ते त्याने दरसाल असं वाढवत नेलं होतं, की अलीकडे योसेफ आणि मारिया दारात उभं राहून पाय मोडून घेत.

मुलं माझ्याकडे बघतात आणि मला वाटतं मी आता कोसळणार, असं बारीक आवाजात सांगून तो खरोखरच रडला. रेने चटकन उठली. टिश्यूचा डबा पुढे केला, कॉफी ओतली, सगळं ठीक होईल म्हणाली. मग राहिलेले प्रश्न तिने भराभर उरकले आणि शेवटचा, सगळ्यात अवघड, कागदात डोकं घालून विचारून टाकला.

“आणि तसले काही विचार वगैरे येत नाहीत ना मनात?”

“छे,” मास्तरीण म्हणाली, आणि कॉफीत साखर मागून घेतली.

त्या चित्रफितीवर रेने नापास झाली.

आमच्या लिंडाल गावच्या छोट्या दवाखान्यात रेने ट्वेटन नर्स म्हणून लागली तेव्हा तिचा थोरला पाळण्यात होता, आणि आता तो कॉलेजात होता. एवढ्या वर्षांत तिने एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली होती. मनाने मोडलेलं माणूस तातडीच्या कक्षात आणलं जायचं आणि दूरच्या शहरात खाट मिळेपर्यंत तिथेच बाकावर पडून राहायचं. अख्ख्या तालुक्यात मनाच्या दुखण्यावर औषध लिहून देणारं कुणी नव्हतं. तेव्हा चाळिशी सरता सरता तिने ठरवलं की आपणच शिकायचं. मानसिक आरोग्याची नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं, म्हणजे पेशंट आपण तपासायचा, निदान आपण करायचं, औषध आपण लिहायचं. कॉलेज दक्षिणेतलं, हजार मैलांवरचं, वर्ग सगळे संगणकावर.

अभ्यासाचं तिला भय नव्हतं. नाकी नऊ आले ते प्रत्यक्ष काम शिकवणारं माणूस मिळवताना. ते विद्यार्थ्यानेच शोधायचं असतं. रेनेने किती दवाखान्यांना फोन केले आणि किती ठिकाणी गोड शब्दांत नकार ऐकला, ते तिचं तिलाच माहीत. शेवटी शेजारच्या तालुक्यातली कॉर्लिस नावाची फटकळ बाई हो म्हणाली. जानेवारीत ये, म्हणाली, पण ही जागा एकाच विद्यार्थ्याला आहे, तू आली नाहीस तर दुसरा रांगेत आहे. आता या मुलाखतीत ती दुसऱ्यांदाही नापास झाली तर अख्खं सत्र पुन्हा करायचं आणि कॉर्लिसकडची जागा गेली, एवढं सरळ गणित होतं.

प्राध्यापिका डॉ. लॅटिमर पडद्यावर यायच्या तेव्हा त्यांच्या मागे नेहमी ऊन असायचं. त्यांनी रेनेचं आधी कौतुक केलं. तुम्ही फार चांगल्या नर्स आहात, म्हणाल्या, आणि म्हणूनच मी तुम्हाला नापास केलंय. बाई रडायला लागली की तुम्ही उठता. गप्प झाली की तुम्ही बोलता. तिला काही सांगायला जागाच ठेवत नाही. आणि तो शेवटचा प्रश्न.

“तो तुम्ही तिच्यासाठी नाही विचारलात. तुम्हाला ‘नाही’ ऐकायचं होतं. तिने तुम्हाला ते देऊन टाकलं, बिचारीने.”

रेनेला ते लागलं, कारण खरं होतं. मग ती तो प्रश्न मोठ्याने म्हणायचा सराव करू लागली. मरून जावं असं वाटतं का? गाडी चालवताना, कपडे वाळत घालताना, कुत्र्याला खायला घालताना. कुत्रा शेपूट हलवायचा. एकदा तिने ट्रॅक्टरखाली आडवा पडलेल्या नवऱ्याला, कर्टला, विचारलं. कर्टने पाना मागितला आणि म्हणाला, फक्त आयकर भरताना. आमच्याकडच्या माणसांची ही तऱ्हाच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. छप्पर उडून गेलं तरी शेजाऱ्याला सांगतील की हवा जरा खेळती झालीय.

ऑर्विल त्यातला मुकुटमणी. वसंतात त्याची बायको आर्डिस गेली. दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला त्यानेच सगळ्यांना कॉफी वाढली. फार धीराने घेतलंय त्यांनी, असं सगळं चर्च म्हणालं आणि रेनेही म्हणाली. तेव्हापासून तो दर रविवारी प्रार्थनेनंतर त्यांच्याकडे जेवायला येई, स्वतःची ताटली स्वतः धुई आणि अंधार पडायच्या आत घरी जाई. पँट कमरेला सैल झाली होती. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवी भोकं पाडून घेतली होती. रेनेचा त्याच्यावर फार जीव. तिचे स्वतःचे वडील तिला धड आठवतही नव्हते. घोड्यावर बसायला आणि ट्रक मागे घ्यायला तिला शिकवलं ते सासऱ्याने.

दुसऱ्या चित्रफितीची मुदत नोव्हेंबरातल्या एका रविवारी सहापर्यंत होती. जेवणं झाली, कर्ट बाहेर गॅरेजात गेला. रेनेने फोन साखरेच्या डब्याला टेकवला, चालू केला आणि कॉलेजचं नवं कार्ड ऑर्विलपुढे सरकवलं. नियम तोच होता. नात्यातलं कुणीही पेशंट होऊ शकतं, पण बोलायचं ते कार्डावरचं, स्वतःचं खरं काही नाही.

ऑर्विलने चष्मा लावला. मास्तरणीचं कार्ड त्याने उभ्या उभ्या वाचून टाकलं होतं. हे तो बराच वेळ वाचत राहिला. सत्तरीपुढचा शेतकरी, पत्नी वारलेली. भूक नाही. पहाटे चारला जाग येते, मग झोप नाही. मुलांपाशी काही बोलत नाही. वाचून झाल्यावर त्याने ते उलटं करून ठेवलं.

“हा नको. ती मास्तरीण दे.”

“मास्तरीण झाली, बाबा. या वेळी हाच आहे.”

“मग कर्टला बसव.”

“कर्टला कर्टचंच काम धड जमत नाही.”

एरवी तो हसला असता. त्याने चष्मा काढला, मिटला, उघडला.

“हा नीट लिहिलेला नाही. कुणीतरी पोराने लिहिलाय.”

“काय चुकलंय त्यात?”

“चारला जाग येते म्हणे,” ऑर्विल म्हणाला. “जाग यायला आधी झोपावं लागतं.”

रेनेने हात लांब करून फोनवरचं चित्रीकरण बंद केलं. तिचा दुसरा हात सवयीने कॉफीच्या भांड्याकडे निघाला होता. तो तिने परत आणून मांडीवर ठेवला. ऑर्विल खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बीट काढून झालेलं काळं रान होतं, दुसरं काही नव्हतं. बोलावंसं तिला फार वाटत होतं. तुम्ही दमलाय म्हणावं, डोळे मिटून पडा जरा म्हणावं, खायला काही द्यावं. कित्येक आठवडे कुत्र्यापुढे आणि कपड्यांपुढे घोकलेला प्रश्न घशाशी आला आणि तिला कळलं की आपण आजवर तो कुणालाच विचारलेला नाही. उत्तराची तिला भीती वाटत होती. तिने सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“बाबा, मरून जावं असं वाटतं तुम्हाला?”

कर्टने गॅरेजात काहीतरी पाडलं, शिवी दिली आणि पुन्हा ठोकायला सुरुवात केली, हे सगळं दोघांनी ऐकलं.

“वाटतं,” ऑर्विल म्हणाला. “रोज नाही.”

रेने हलली नाही.

मग तो हळूहळू बोलला, टेबलाच्या कडेशी बोलत असल्यासारखा. दिवस निघून जातो. माणसं भेटतात, काय कसं काय विचारतात, बरं चाललंय म्हणायचं. संध्याकाळी घरी गेलं की दिवा लावायचा का नाही, हेच ठरत नाही. लावून कुणाला दिसायचंय. हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला म्हणून त्याने रायफल पुसायला काढली, ती पुसून झाली तरी मांडीवरच राहिली. किती वेळ ते त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्याने ती ट्रकमध्ये घातली आणि कर्टला नेऊन दिली.

“खांदा दुखतो म्हणून दिलीत ना ती?”

“खांद्याला काही झालेलं नाही.”

रेनेला आठवलं. रायफल त्यांच्याच कपाटात कुलपात होती. बाबा या वर्षी शिकारीला येणार नाहीत, म्हातारे झाले, म्हणून कर्ट दिवसभर हिरमुसला होता. आणि ती, एवढी जुनी नर्स, पुढचे कित्येक रविवार सासऱ्याच्या खांद्याला मलम चोळून देत होती.

“मग मलम कशाला लावून घेतलंत माझ्याकडून?”

“तू मायेने लावत होतीस,” ऑर्विल म्हणाला. “नको कसं म्हणायचं?”

तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही. पण उठली नाही. आत्ता या घडीला वाटतंय का, तिने विचारलं. इथे नाही वाटत, तो म्हणाला, घरी गेलो की वाटतं. घरात आणखी बंदूक आहे का? नव्हती. मग आज घरी जायचं नाही, इथेच झोपायचं, ती म्हणाली. त्यावर तो काही बोलला नाही, म्हणजे आमच्याकडे हो. थोड्या वेळाने त्याचं लक्ष फोनकडे गेलं.

“हे चालू होतं का सगळं?”

“नाही. मी बंद केलं.”

“म्हणजे तुझे मार्क गेले.”

“जाऊ देत.”

“जाऊ देत कसे? एवढे फोन केलेस त्या जागेसाठी.” ऑर्विलने कार्ड पुन्हा सरळ केलं, टोपीवरून हात फिरवला आणि खुर्चीत नीट बसला. “चालू कर. पुन्हा सांगतो. आता सांगता येईल, एकदा सांगून झालंय.”

त्याच्या मनात खरोखर तेच होतं. स्वतःचं मरण तो सुनेच्या परीक्षेला वापरायला देत होता, हंगामात ट्रक वापरायला द्यावा तसं. रेने त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाला गमावणं आपल्याला परवडणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते तिने त्याला तसंच सांगितलं. ऐकून ऑर्विलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग तिने फोन उचलला, पण चित्रीकरण सुरू केलं नाही. कॉर्लिसचा नंबर लावला.

“पुन्हा सांगायचंय ना? मग हिला सांगा.”

“तू आहेस की. तेच शिकतेयस ना?”

“मी तुमची सून आहे. मी तुम्हाला पेशंट म्हणून घेऊ शकत नाही, आणि मला घ्यायचंही नाही. मला तुम्ही रविवारी जेवायला हवे आहात.”

“गावभर होईल.”

“ती आपल्या गावची नाही. आणि तिच्या तोंडून गोष्ट बाहेर पडत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.”

पलीकडून कॉर्लिसचा खरखरीत आवाज आला. रविवारी फोन आला म्हणून ती कुरकुरली नाही. रेनेने दोन वाक्यांत सांगितलं, ऑर्विलकडे बघून, त्याची मान हलल्यावरच. मग फोन त्याच्या हातात दिला आणि नर्सच्या जुन्या सवयीने त्याच्याशेजारीच खुर्ची घेऊन बसली.

ऑर्विल ऐकत होता. हो, म्हणाला. नाही, म्हणाला. आर्डिस, मार्चमध्ये, म्हणाला. मग कॉर्लिसने काहीतरी विचारलं आणि तो अडला. त्याने आपला भला मोठा पंजा फोनवर झाकला.

“रेने, तू जरा बाहेर जा.”

“मी?”

“ही विचारतेय ते तुझ्यासमोर नाही सांगता यायचं.”

रेने उठली. कोट खुंटीवर राहिला तो राहिलाच, ती तशीच मागच्या दाराने अंगणात आली आणि दार ओढून घेतलं. वारा उत्तरेकडचा होता. गॅरेजातून कर्ट हात पुसत आला. बायको थंडीत नुसत्या स्वेटरवर उभी आहे आणि डोळे पुसते आहे, हे त्याने पाहिलं.

“झालं रेकॉर्डिंग?”

“नाही झालं.”

“मग इथे काय करतेस?”

“बाबांनी मला बाहेर काढलं,” रेने म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की कर्टला काहीच उलगडेना. तो दाराच्या कडीला हात घालायला गेला. तिने त्याचं मनगट धरलं.

“अगं, घर आपलं आहे.”

“आत्ता नाहीये,” ती म्हणाली.