शिजवलेलं रीडिंग

आधीच सांगून ठेवते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर उद्या सकाळी माझी कवळी पेल्यात सापडू नये. मी तिथे नव्हते, हे कबूल. पण माझी सून तिथे होती आणि ती खोटं बोलत नाही. तोच तर तिचा सगळ्यांना त्रास आहे.

सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. विभागप्रमुख आहे. मुलं तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्युरेटबाई. ब्युरेट म्हणजे ती काचेची उभी नळी असते ना, खाली तोटी असलेली, ती. थेंब थेंब सोडायचं, खालच्या भांड्यात रंग बदलला की तोटी बंद करायची आणि किती लागलं तो आकडा लिहायचा. याला म्हणायचं रीडिंग. असं तीनदा करायचं. आता पोरंच ती, त्यांना एकदा करायचाच कंटाळा. मग करतात एकदा आणि लिहितात तीनदा. दहा पॉइंट चार, दहा पॉइंट चार, दहा पॉइंट चार. त्यांच्या भाषेत याला रीडिंग शिजवणं म्हणतात. सुनेला शिजवलेल्या रीडिंगचा वास दारातूनच येतो. लाल पेनाने गोल काढते, खाली लिहिते, "तीनदा काढलंस, की एकदा काढून तीनदा लिहिलंस?" आणि वही परत. बावीस वर्षं हेच चाललंय. एका मुलाचे तिन्ही आकडे खरोखरच सारखे आले, तर तो बिचारा घाबरून चौथ्यांदा, पाचव्यांदा करत बसला, निदान एक तरी वेगळा यावा म्हणून.

तर अशा बाईच्या कॉलेजात तपासणी आली.

तपासणी म्हणजे बाहेरून तीन जाणकार येतात, कॉलेज कसं चाललंय ते बघतात, कागद तपासतात आणि श्रेणी देऊन जातात. व्याही घरी येणार म्हटल्यावर जी तारांबळ उडते ना, तिला दहाने गुणा. एरवी ज्या नळाला वर्षभर पाणी नव्हतं त्याला पाणी आलं. भिंतींना इतक्या घाईने रंग दिला की 'आमचे ध्येय' लिहिलेल्या ओल्या भिंतीला एक सर टेकले, आणि दिवसभर कॉलेजचं ध्येय उलट्या अक्षरांत पाठीवर घेऊन हिंडले. वाचलं मात्र सगळ्यांनी. भिंतीवर होतं तेव्हा कोणी वाचलं नव्हतं.

प्राचार्यांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं की ज्या लहान विभागाची तपासणी वाईट जाईल, तो पुढच्या वर्षीपासून बंद करावा लागेल. आणि सांगताना बघत होते माझ्या सुनेकडे. तिच्या विभागात मुलं एक्केचाळीस. सर्वांत लहान विभाग तोच. त्या दिवशी घरी आली आणि चहात साखरेऐवजी मीठ घालून मला दिला. मी प्यायले. काही बोलले नाही. वेळ कुठली ते मलाही कळतं.

आता दुखणं कुठे होतं ते ऐका. नियम असा, की प्रत्येक मुलाला एक पालक-शिक्षक असावा, त्याने महिन्यातून एकदा मुलांना घेऊन बसावं, त्यांच्या अडचणी ऐकाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात. बोलणं चालायचं हो, रोज चालायचं. पण लिहिणं? सुरुवातीला दोन वर्षं लिहिलं आणि मग राहून गेलं. तीन वर्षांच्या तीस बैठका कागदावर नव्हत्या.

विभागात एक तरुण शिक्षक आहेत. खिशात कायम टाचण्या, म्हणून त्यांना सगळे टाचणीसर म्हणतात. माणूस गुणी, पण नोकरी अजून पक्की नाही, आणि घरी चार महिन्यांचं बाळ. विभाग बंद झाला तर पहिली कुऱ्हाड यांच्यावर पडणार. त्यांनी चार दिवसांत तीस बैठका बसून लिहून काढल्या. चार वेगवेगळी पेनं वापरली. कागद जुने दिसावेत म्हणून गच्चीत उन्हात वाळत घातले, त्यावर चहाचे डाग पाडले, आणि एका कागदावर तर म्हणे मुद्दाम झुरळ सोडलं, कोपरा कुरतडायला. झुरळाने नकार दिला. झुरळालाही काही नीतिमत्ता असते.

राहिल्या फक्त सुनेच्या सह्या.

शनिवारी दुपारी ती प्रयोगशाळेत बसली, फाइल पुढे घेऊन. मुलं गेली होती. पलीकडे मोरीपाशी नाना काचसामान धूत होते. नाना म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. सुनेच्या आधीपासून तिथे आहेत. त्यांचं बोलणं कमी आणि हात सारखा पाण्यात. मोरीशेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली त्यांची एक वही लोंबकळत असते, फुटतूट वही. काय फुटलं, कोणाकडून, का, ते नाना त्यात लिहितात. सुनेने सकाळीच त्यांना सांगितलं होतं, की नाना, ती वही समिती येईपर्यंत कपाटात टाका, एवढी फुटतूट बघून काय म्हणतील लोक.

सुनेने सात सह्या केल्या. आठव्या कागदाशी नानांनी तोटी बंद केली आणि हात पुसत जवळ आले.

"मॅडम, मी वाचू का एक?"

तिने कागद पुढे केला. नानांनी वाचला. मग दुसरा, मग तिसरा.

"सगळ्यांत लिहिलंय, सर्व विद्यार्थी हजर, अडचण काही नाही," नाना म्हणाले. "तीस बैठका आणि एकाही पोराला अडचण नाही. ही आपलीच पोरं ना?"

"नाना, कागद लागतो हो त्यांना."

"लागतो की. पोरांनाही वही पूर्ण लागतेच. त्यांनाही वेळ कमी पडतो. त्यांच्याही घरी काही ना काही असतं." नाना थोडे थांबले. "मग मॅडम, त्यांच्या वह्या तुम्ही परत का फेकता?"

सुनेने पेन कागदावरून उचललं.

"मी काही शिकलेला माणूस नाही. पण बावीस वर्षं तुमचं लाल पेन बघतोय. हे तर तुम्ही एकदाही काढलं नाही आणि तीसदा लिहिलंय."

एवढं बोलून नाना परत मोरीपाशी गेले आणि नळ सोडला. सून सांगते, तो नळाचा आवाज तिला अजून आठवतो. पेन तसंच हातात, आणि पुढे स्वतःच्या सात सह्या. तिने पिशवीतून लाल पेन काढलं आणि त्या सातही सह्यांभोवती गोल काढले. मग सगळे तीस कागद उचलून नानांना दिले. त्या कागदांवर पुढे महिनाभर धुतलेले बीकर पालथे वाळत होते. कागद चांगला होता, पाणी छान शोषायचा.

सोमवारी टाचणीसर आले आणि बघतात तर फाइल जवळजवळ रिकामी. आत एकच कागद होता. सुनेने लिहिलेला. तीन वर्षं आम्ही मुलांशी बोललो पण लिहिलं नाही, चूक विभागप्रमुखाची आहे, या महिन्यापासून लिहीत आहोत. खाली सही.

"मॅडम, विभाग जाईल," टाचणीसर म्हणाले. "माझं सोडा, नानांच्या नोकरीची तीनच वर्षं राहिलीत."

"मला माहीत आहे," सून म्हणाली. "पण उद्या या मुलांच्या वहीवर मी गोल कुठल्या तोंडाने काढू, ते तुम्ही सांगा. सांगितलंत तर आत्ता सह्या करते."

टाचणीसरांनी पुष्कळ विचार केला. मग खिशातून टाचणी काढली आणि तो एकुलता कागद फाइलला टोचला.

आणि मग समिती आली. अध्यक्ष एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट. आता कुंड्यांचं ऐका. कॉलेजात चांगल्या कुंड्या सातच. समिती एका विभागातून निघाली की मागच्या जिन्याने कुंड्या पुढच्या विभागात पळत. समिती रसायनशास्त्रात आली तेव्हा दारातल्या कुंडीतलं रुंद पानांचं झाड अजून हलत होतं. बाई थांबल्या, झाडाला वाकून म्हणाल्या, "नमस्कार, आपण आज तिसऱ्यांदा भेटतोय." बरोबरच्या प्राचार्यांचा रंग त्याच क्षणी बदलला. ब्युरेटची तोटी बंद करायची ती अशाच वेळी.

फाइल उघडली. एक कागद. बाईंनी तो दोनदा वाचला.

"लिहिलं नाही म्हणता. मग बोललात हे मी कशावरून मानू?"

सुनेने खरं तेच सांगितलं, की तुम्ही मानावं असं माझ्याकडे काही नाही. टाचणीसरांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाईंची नजर मोरीकडे गेली. वही खिळ्यालाच होती. नानांनी कपाटात टाकली नव्हती. विसरले, असं ते म्हणतात. नाना आजवर काही विसरलेले नाहीत.

बाईंनी वही हातात घेतली. सुतळी आखूड, म्हणून मोरीपाशीच उभ्या राहून वाचू लागल्या. मोठ्याने.

"बीकर एक. मुलगी सकाळपासून उपाशी. डबा दिला, मॅडम बोलल्या. परीक्षा-नळ्या दोन. मुलाचे वडील दवाखान्यात. टाचणीसर त्याच्याबरोबर गेले. फ्लास्क एक. कारण मस्ती. ओरडलो."

पान उलटलं. सगळी खोली ऐकत होती. प्रत्येक फुटलेल्या भांड्यामागे एक पोर होतं, आणि त्या पोरामागे कोणीतरी उभं राहिलेलं होतं, तारखेसकट. एका ओळीशी बाई थांबल्या आणि हसल्या.

"फनेल एक. मॅडम. कारण सांगितलं नाही. विचारलं नाही. चहा दिला."

ती तारीख मला पाठ आहे. त्या दिवशी सकाळी मी तिला भाजीत मीठ कमी आहे असं तीनदा म्हटलं होतं. एकदा चाखून तीनदा.

बाईंनी वही परत खिळ्याला अडकवली. मग नानांना विचारलं, हे तुम्हाला कोणी लिहायला सांगितलं? नाना म्हणाले, "कोणी नाही. काच का फुटली ते कळलं की पुढची वाचते."

विभागाला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. बंद व्हायची गोष्टच निघाली नाही. टाचणीसर आता दर महिन्याला बैठक घेतात आणि तिथल्या तिथे लिहितात. त्यांच्या कागदावर 'अडचण काही नाही' असं एकदाही आलेलं नाही. उलट कागद पुरत नाही.

म्हणून मंडळी, तुम्हालाही सांगते. तुमच्याकडे तपासणी येईल, शाळेत येईल, कचेरीत येईल, घरात सासूच्या रूपाने येईल. झाडा, पुसा, रंग द्या, कुंड्यासुद्धा मांडा, काही बिघडत नाही. पण जे केलं नाही ते केलं म्हणून लिहू नका. चूक लिहिलेला कागद सुधारता येतो. खोटं लिहिलेला कागद सांभाळायला पुढचं खोटं लिहीत बसावं लागतं, आणि त्यात खरं केलेलं काम उपाशी मरतं. आणि तुमच्या मोरीपाशी कोणी नाना असतील तर त्यांची वही आधी वाचा, समितीच्या आधी.

हे सगळं लिहून झालं आणि सुनेला वाचायला दिलं. तिने वाचलं, आत गेली, लाल पेन घेऊन आली आणि एका ठिकाणी गोल काढला. "सासूबाई, हे रीडिंग कुठून आणलंत?"

कुंड्यांचं नाही हो, कुंड्यांचं खरं आहे. झुरळाचंही तिने जाऊ दिलं. गोल होता श्रेणीभोवती. सगळ्यात वरची नव्हती, वरून दुसरी होती. तीस कागदांचे गुण गेले ते गेलेच. विभाग राहिला तो वरून दुसऱ्या श्रेणीवर, आणि ते प्रमाणपत्र नानांनी मोरीशेजारी दुसरा खिळा मारून टांगलंय.

एवढं एकच मी शिजवलं. बाकी सगळं खरं. कवळी जागेवर आहे, आत्ताच बघून आले.