कोपर पडलं की एकपासून

तिने मुद्गल खांद्यावरून मागे सोडला, पाठीमागून फिरवून छातीशी आणला आणि दारातल्या माणसाला पाहून ती जागीच थांबली. लाकडाच्या गिरणीचा मुकादम! उजवा हात डाव्याने सांभाळत उभा होता.

"खांदा धरलाय यांचा," वस्ताद म्हणाले. "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. हलका मुद्गल दे, पन्नास फेरे. तूच शिकव."

दोन वर्षांपूर्वी गिरणीच्या पट्ट्याने तिच्या धाकट्या भावाचा हात कोपरापासून नेला होता. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवली होती या मुकादमाने. चौकशीत मात्र 'पोरगा प्यायला होता' असं बेधडक सांगून मोकळा झाला. वर त्याच्या मेहुण्याने 'मी स्वतः पाहिलं' म्हणून री ओढली. भावाने जन्मात थेंब घेतला नव्हता. तेव्हापासून ती तालमीत घाम गाळत होती, तो काही तब्येत कमवायला नव्हे. तिला या मुकादमाचा हाच हात पिळायचा होता.

मुकादमाने तिला ओळखलं नाही. कोपऱ्यात मोजायला बसलेल्या भावाला मात्र ओळखलं आणि मान खाली घातली.

तालमीचा नियम साधा होता. नवख्याच्या कोपराखाली शिकवणाऱ्याने तळहात धरायचा. कोपर पडलं की मोजणी पुन्हा एकपासून. पडलं की नाही, हे मोजणारा सांगणार. त्यात वस्तादही तोंड घालत नसत.

"एक," भावाने सुरुवात केली.

तिसाव्या फेऱ्याला मुकादम घामाघूम झाला. मुद्गल मागे गेला, तेव्हा तिची बोटं त्याच्या कोपरावर घट्ट आवळली. आता एक हिसका दिला की काम तमाम. तिने भावाकडे पाहिलं. त्याने हलकेच मान हलवली. नको. तिने मुकाट्याने बोटं सैल केली.

"अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास."

भाऊ थांबला.

"कोपर पडलं."

"छे! कुठे पडलं?" मुकादम कळवळला. "ताई, तुम्हीच सांगा. तुमच्या हातातच होतं ना?"

होतं. तसूभरही ढळलं नव्हतं. तिने पुन्हा भावाकडे पाहिलं. तो शांतपणे तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

"पडलं," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिलं."

मुकादमाने चमकून आधी तिच्याकडे, मग भावाकडे पाहिलं. दोघांचं नाक अगदी सारखं होतं. त्याने मुद्गल उचलला.

"एक," भाऊ म्हणाला.