शून्य-एकचा चेंडू

मी एक जुना चामड्याचा फुटबॉल आहे. क्लबच्या ऑफिसात काचेचं एक कपाट आहे, त्याच्या मधल्या फळीवर माझा मुक्काम. मुक्काम कसला मित्रांनो, कैदच ती. एकेचाळीस वर्षं मी जागचा हललो नव्हतो.

मला एका मोच्याने शिवलं. चामड्याचे अठरा तुकडे, मेण लावलेला दोरा, आत रबरी ब्लॅडर. शिवून झाल्यावर त्याने मला दोनदा जमिनीवर आपटलं आणि बायकोला म्हणाला, "हा नाव काढणार बघ." नाव निघालं खरं, पण ते कसं, ते ऐका.

आमच्या क्लबची एक पद्धत आहे. परदेशी संघाशी सामना झाला की त्याचा चेंडू कपाटात ठेवायचा, तोही न पुसता, मैदानाच्या मातीसकट. सेक्रेटरी पुढच्या बाजूला शाईने निकाल लिहितात आणि कुलूप लावतात. असे आम्ही सहा जण आहोत, त्यात मी शेवटचा. वरचा दोन-दोन बरोबरीवाला, त्याचा तोरा विचारूच नका. खालचा पाच-शून्यने हरलेला, तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्यावर लिहिलंय शून्य-एक.

तो माझा पहिला आणि शेवटचा सामना. पाहुणे परदेशचे, म्हणून माळ्याने रोजची कोरडी फक्की टाकली नाही. दाट चुना कालवून त्याने ब्रशने रेषा ओढल्या, आणि मध्यंतरात गोलपाशी पुन्हा एक हात मारला. आभाळ भरलेलं होतं, चुना काही वाळला नाही.

शेवटच्या मिनिटाला त्यांच्या एका उंच खेळाडूने मला जीव खाऊन लाथ हाणली. आमचा गोलकीपर आडवा झेपावला आणि त्याने मला छातीखाली दाबून धरलं, बरोबर रेषेवर. अख्खा चेंडू रेषेपलीकडे गेला तरच गोल होतो. मी गेलो नव्हतो. माझ्या अंगावर ओल्या चुन्याचा सरळ पट्टा उमटला होता. पण पंच लांब होते आणि मी गोलकीपरच्या अंगाआड. त्यांनी गोल दिला, लगेच सामना संपल्याची शिट्टी वाजवली. सेक्रेटरींनी मला उचललं आणि चुन्याची बाजू खाली करून फळीवर ठेवलं.

गोलकीपर पेशाने शिंपी. दुसऱ्या दिवसापासून गावाने त्याचं नाव चाळण ठेवलं. गिऱ्हाईकं म्हणायची, "काका, खिशाला तेवढं भोक ठेवू नका." तो हसायचा. दर रविवारी कपाटापुढे येऊन उभा राहायचा आणि सोबत कोणी असलं तर म्हणायचा, "आत नव्हता हो तो." कोणी ऐकत नसे. पुढे त्याने म्हणणं सोडलं. एका रविवारी मुलीला म्हणाला, "गेला असेल गं आत. इतकी माणसं काय खोटं बोलतात?" त्या दिवशी मला फार लागलं. मला नुसती एक कूस बदलता आली असती तरी पुरे होतं. तेवढंही जमेना.

यंदा सातवा सामना ठरला. नवे सेक्रेटरी म्हणाले, "पाहुण्यांना हा मळ काय दाखवायचा?" त्या त्या सामन्यातल्या जुन्या खेळाडूने आपला चेंडू पुसून द्यावा, असं ठरलं. आमचे गोलकीपर काका मुलीला घेऊन आले. एकेचाळीस वर्षांनी कुलूप निघालं आणि मी पुन्हा त्या हातांत गेलो. मी किती हरखलो, काय सांगू.

त्यांनी मला फिरवलं. अंगठा पट्ट्यावर आला आणि थांबला.

"हे काय आहे गं? चष्मा घरी राहिला माझा."

मुलगी वाकून बघू लागली. आता कळणार, आता कळणार, असं मला वाटत होतं.

"चुना आहे बाबा. भिंतीचा लागला असेल."

"मग काढायला हवा," काका म्हणाले. त्यांनी मऊ कापड ओलं केलं आणि तो पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू पुसून काढला. शिवणीतला चुनासुद्धा नखाने काढला. "एवढं तरी नीट करून देतो," म्हणाले.

पाहुणे आले. सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवून तो गोल रंगवून सांगितला. सगळे हसले. मागे उभे असलेले काकाही हसले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, त्यांच्यावरची धूळ झटका. पण ओलं फडकं लावायच्या आधी त्या एकदा उलट्या करून नीट बघा, आणि डाग कसला आहे ते घाई न करता शोधा. आम्हाला बोलता येत नाही, आणि पुसलेलं परत उमटत नाही.