रंगवलेला चोथा

कापूरहोळला भोरकडं वळणाऱ्या एसट्या थांबत, तिथं कुलसुमची चहाची टपरी होती. गवती चहा ठेचून घालणारी त्या रस्त्यावर ती एकटीच. पण अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करायला लागली. "भाभी, रंग लई अन् चव न्हाई," म्हणत एका ट्रकवाल्यानं भरला कप बाकावर आपटला.

पावडर साहेबरावाच्या दुकानातली. फाट्यावर दुसरं दुकानच नव्हतं.

एका सकाळी नवी पुडी डब्यात ओतताना तिच्या बोटांना काडी लागली. गवती चहाच्या पातीचा तुकडा, वाळलेला, पण रंगानं लालभडक झालेला. पुडी परातीत पसरली, तसे आणखी पाच-सहा निघाले. ओल्या फडक्यावर चिमूट टाकली, तर फडकं कुंकवासारखं रंगलं. साहेबरावाचा गडी गेनू रोज संध्याकाळी टपरीवरचा चोथा पोत्यात भरून नेई, मालकाच्या गुलाबांना खत म्हणून. तोच चोथा वाळवून, रंगवून तिलाच विकला जात होता. कुलसुमच्या अंगाचा तिळपापड झाला. फडकं घेऊन ती तडक दुकानात गेली.

"साहेबराव, ह्यो माझ्याच टपरीवरचा चोथा. गवती चहा हितं दुसरं कोन घालतं?"

साहेबरावानं तराजूवरनं नजरही उचलली नाही. "कचरा तुझ्या डब्यात अन् बोंब माझ्या नावानं? सरकारी जागेत टपरी थाटलीयास, ध्येनात ठेव. एका अर्जात उठवीन."

दुकानात चार माणसं होती. रोज तिच्याकडंच चहा पिणारी. एकेकानं आपली पुडी उचलून बाहेरची वाट धरली.

त्या संध्याकाळी गेनू पोतं घेऊन आला, तेव्हा तिनं उकळतं पाणी त्याच्या पायांपुढं ओतलं. तो मागच्या मागं पळाला. उरलेली पावडर तिनं डब्यात झाकून फळीवर ठेवली, चहा बंद करून नुसती भजी तळायला लागली, आणि पुण्याला जाऊन भेसळीच्या ऑफिसात अर्ज दिला.

तीन आठवड्यांनी निरीक्षक आले. साहेबरावाच्या पेटीतली पावडर त्यांनी तीन बाटल्यांत भरली, लाख लावून मोहरा उमटवल्या. आता पंच हवा होता. बघ्यांची गर्दी बघता बघता पांगली. शेवटी पंक्चर काढणारा सोनबा हात पुसत पुढं झाला. "म्या करतो सही."

"तुला बी बघतो," साहेबराव दातओठ खात म्हणाला आणि निरीक्षकांकडं वळला. "हिच्या फळीवर बी हाच माल हाय. तिला का सोडता?"

निरीक्षकांनी कुलसुमला विचारलं, "पावडर ह्यांच्याकडून घेतल्याची पावती आहे?"

"मागितली तरी देत न्हाईत, साहेब. अन् मी चहा बंद केलाय."

"टपरीतला माल कायदा विक्रीचाच धरतो. नमुना घेतला, तर खटला तुमच्यावरही होईल." ते जरा घुटमळले. "अजून मी डबा बघितलेला नाही."

साहेबराव हसत होता. कुलसुमनं स्वतःच डबा काढून त्यांच्यापुढं आदळला. "घ्या. माझा गवती चहा ह्यात हाय, अन् ह्यांच्या पेटीत बी निघंल. मग कुठं पळतील?"

दोन्ही नमुने भेसळीचे निघाले. दोन्हींत त्याच पाती होत्या. भोरच्या कोर्टात साहेबरावाला सहा महिने झाले. कुलसुमला दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. बेड्या घातलेला साहेबराव तिच्या बाकाजवळनं जाताना थुंकला. थुंकी तिच्या लुगड्याच्या काठावर पडली. तिनं ती पुसली नाही, त्याच्याकडं बघत राहिली, तो दाराबाहेर जाईपर्यंत.

दिवस कलल्यावर शिपायानं "जा आता" म्हणून सांगितलं. एसटीत फाट्यावरची ओळखीची माणसं बसली होती. कुणी सरकून जागा दिली नाही. कुलसुम दांडी धरून कापूरहोळपर्यंत उभी राहिली, आणि उतरताना एकेकाच्या तोंडाकडं नीट बघून उतरली.