अंबूबाईच्या अंगात

चौऱ्याहत्तर साली कोल्हापुरात घरोघर फिरणारी नर्स म्हणजे लोकांना फुकटची करमणूक होती. मी लेडीज सायकलवरून निघाले की उत्तरेश्वर पेठेतली माणसं दात घासायची थांबायची. बघेनात का! मला सकाळी सात ते बारा आठ घरं उरकायची असत. कुठं जखमेची पट्टी, कुठं लघवीची नळी, कुठं अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलून पाठीला पावडर. साखरेच्या रोग्यांना इन्सुलिन. काचेची सिरिंज ज्याच्या त्याच्या स्टोव्हवर उकळायची आणि त्यासाठी पातेलं कुठलं घ्यायचं यावरून रोज घरच्या बाईशी हुज्जत घालायची. हुज्जतीत मी कुणाला हार जात नसे. तोंड चालू असलं तरी माझे हात चुकत नाहीत, असा मला गर्व होता.

ललिता पंचमीच्या सकाळी पहिलं घर अंबूबाईचं होतं. साठीची, काटक, विधवा, साखरेची रोगी. मुलगा जोतीराम चार म्हशी पाळून दूध घालायचा. त्याची बायको बायडा सासूशी सरळ बोलत नसे. काही सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून सांगायची. त्या दिवशी बायडानं पातेल्यावरून सुरुवात केली आणि मीही पदर खोचला.

"नर्सबाई, नवी बाटली आणलीया बगा," जोतीराम दारातनं म्हणाला.

"ठेव तिथं," मी म्हणाले, आणि बायडाला पुढचं उत्तर दिलं. देता देता रोजच्या खुणेपर्यंत, चोवीसपर्यंत, सिरिंज भरली आणि अंबूबाईला टोचली.

"मावशी, खाल्लं का?"

"खाल्लं की. भाकरी आन दूध."

मी सायकलवर टांग टाकली.

तिसरं घर त्र्यंबकरावांचं. निवृत्त शिक्षक, महा चिकित्सक. बाटलीवरचं लेबल मी मोठ्यानं वाचल्याशिवाय दंड पुढं करत नसत. मी रोज त्यांची नक्कल करून घरी हसवत असे. नऊ वाजले होते. मी लाल टोपणाची बाटली हातात घेतली, "चाळीस" असं वाचलं आणि तशीच टोपणाकडं बघत राहिले.

अंबूबाईच्या बाटलीचं टोपण हिरवं होतं.

हिरवं म्हणजे ऐंशीचं. दुप्पट ताकदीचं औषध. सिरिंजवर दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खुणा असतात. मी सवयीनं चाळीसची बाजू पाहिली होती. चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस गेलं होतं.

"काय झालं हो?" त्र्यंबकरावांनी विचारलं. मी त्यांना इंजेक्शन दिलं की नाही, हेसुद्धा मला आज नीट आठवत नाही. पिशवी तिथंच राहिली एवढं खरं.

सायकल मारताना मी मनाला समजावत होते. भाकरी आणि दूध खाल्लंय. थोडी साखर चारली की निभावेल. थर्मामीटर विसरला म्हणून आले, असं सांगायचं आणि जाता जाता वाटीभर गूळ खायला घालायचा. खरं सांगायचा विचार एकदाही मनात आला नाही. माझं काम मला ही घरं देणाऱ्या डॉक्टरांच्या एका शब्दावर चालत होतं. नर्सनं चुकीचं औषध टोचलं, एवढं पेठेत पसरलं असतं की आठही दारं बंद. म्हातारी मरेल ही भीती मोठी की आपण सापडू ही मोठी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते, दुसरी मोठी होती. लाज वाटते, पण तसंच होतं.

अंबूबाईच्या दाराला बाहेरून कडी. शेजारची धोंडुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"समदी टेंबलाईला गेल्यात की. आज कोहळा न्हाय का! आठालाच निघाल्यात, चालत, अनवाणी."

"मावशीपण? चालत?"

"व्हय. तिचा तर निरंकार उपास हाय. काल रातीपास्नं पाण्याचा थेंब न्हाय घेतला. कोहळा फुटल्याबिगर ती तोंडात काय घालायची न्हाय."

म्हणजे "खाल्लं की" हे खोटं होतं. मी ओरडेन म्हणून ती खोटं बोलली होती. आमच्या दोघींच्या चुका तिच्या एकटीच्या रक्तात एकत्र झाल्या होत्या. पोटात अन्न नाही, दुप्पट औषध आणि पाच-सहा किलोमीटर पायपीट.  मी सायकल वळवली आणि जोरात पाय मारत निघाले. बिंदू चौक, स्टेशन, टाकाळा. अंबाबाई देवीची पालखी टेकडीवरच्या टेंबलाईच्या भेटीला जायची आणि तिथं कोहळा फोडायचा, म्हणून सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलेलं. गर्दीतून घंटी वाजवत, शिव्या खात मी पुढं सरकत होते. रस्त्याकडेला पडलेलं प्रत्येक गाठोडं मला अंबूबाईच वाटत होतं.

टेकडीच्या पायथ्याशी सायकल टाकून दिली. पायऱ्यांच्या अलीकडं बायकांचा एक घोळका दिसला. मधोमध कापूर जळत होता. माणसं बाजूला करत मी आत घुसले.

अंबूबाई मातीत बसली होती. केस सुटलेले. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं. डोळे वर चढवून ती डुलत होती, थरथरत होती आणि काहीबाही बडबडत होती. कपाळभर मळवट भरलेला, ओटीत नारळ. लोक एकेक करून पाया पडत होते.

"आई, माझ्या पोरीचं कवा जमंल?" एक बाई विचारत होती.

जोतीराम हात जोडून रडत होता. आणि बायडानं, जी तिच्याशी भिंतीकडं बघून बोलायची तिनं, अंबूबाईच्या पायांवर डोकं टेकवलं होतं.

मी मनगट धरलं. बर्फासारखं गार. आता फार वेळ नव्हता. यानंतर फिट येते, मग शुद्ध जाते, मग माणूसच जातो.

"गूळ द्या कुणीतरी! साखर, पेढा, काही द्या!"

"हात लावू नगा, नर्सबाई," जोतीराम म्हणाला. "आई आलीया तिच्या अंगात."

"जोतीराम, तिची साखर उतरलीय. मरेल ती."

"निरंकार हाय!" मागून एक मिशाळ पावणा गरजला. "कोहळ्याच्या आदी तोंड उष्टं करून देवीचा कोप घ्याचाय व्हय? बाजूला व्हा!" त्यानं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी हिला चुकीचं औषध दिलंय. एवढंच. ते जिभेवर आलं, आणि समोर जोतीरामचा तो रडवेला, विश्वासानं भरलेला चेहरा दिसला. जीभ उचललीच नाही. अंबूबाईची मान एका बाजूला कलली.

मग मी जे केलं ते आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. मी गुडघे टेकले, तिच्या तोंडाशी कान नेला, आणि ज्या देवीच्या दारात होते तिच्याच नावानं सणसणीत खोटं बोलले.

"आई गूळपाणी मागतीया! माझ्या हातनं मागतीया! लवकर आणा!"

 एकच धावपळ उडाली. कुणी तांब्या आणला, कुणी गुळाचा खडा फोडला. मी तिची मान हातावर घेतली आणि थेंब थेंब पाजू लागले. गिळेल की ठसका लागून गुदमरेल? पहिला घोट ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला गळ्याची हालचाल झाली. आयुष्यात मी इतकं कशाकडंही टक लावून पाहिलेलं नाही. दहा मिनिटं गेली असतील. थरथर कमी झाली. मग पेढा, मग केळं, मग आणखी गूळ. अंबूबाईनं डोळे खाली आणले आणि आजूबाजूला पाहिलं. तिच्या पायाशी बायडा होती. ती बायडाकडंच कितीतरी वेळ बघत राहिली.

मी दुपारपर्यंत तिच्याजवळून हलले नाही. परतल्यावर टोपण गळतंय अशी थाप मारून हिरवी बाटली उचलून नेली आणि चाळीसची स्वतः आणून ठेवली. कुणाला काही कळलं नव्हतं. रात्री मी देवापुढं बसले, पण नमस्कार करायला हात वर होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंबूबाईच्या दारापासून बोळाच्या टोकापर्यंत रांग होती. हातात नारळ, ओटीची ताटं. आत अंबूबाई नवं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. बायडा वारा घालत होती.

मी बाटलीचं लेबल दोनदा वाचलं आणि चोवीस भरलं. "मावशी, आधी ताट समोर आणा. मगच सुई."

अंबूबाईनं माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात बोलली.

"काल दिलंस तेवडंच दे."

"म्हणजे?"

"हिरव्या टोपणाचं. मला वाचाय येत न्हाय, पर रंग कळतो. रोज सुई टोचतीस, पर असं कवा झालंतं मला? तूच केलंस ते."

"मावशी, काल तुम्ही मरत होता."

"मरू दे. अकरा वर्सांत बायडा काल पयल्यांदा मला आई म्हणली. रातीला पाय चेपलं." तिची बोटं माझ्या दंडात रुतली. "दे. न्हायतर भाईर जाऊन समद्यास्नी सांगतो, नर्सनं काय केलं त्ये."

खरंच, किती सोपं होतं! गप्प राहिले असते आणि बरोबरचं औषध टोचलं असतं तर तिनं मला उघडं पाडलं असतं. तिचं ऐकलं असतं तर ती गेली असती आणि लोकांनी देवीनं नेली म्हणून आरती केली असती. मला कुणी विचारलंही नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं आणि मला माझीच इतकी भीती वाटली की मी ताडकन उठले.

"ऐका," मी दाराकडं तोंड करून म्हणाले. "काल हिच्या अंगात देवी आली नव्हती. मी चुकून दुप्पट औषध टोचलं होतं. गूळ मीच मागितला, देवीनं नाही. ही मरता मरता वाचलीय. चूक माझी आहे."

जोतीराम पुढं आला. मारतोय असं वाटलं, पण त्यानं फक्त माझी सिरिंज उकळायचं पातेलं उचलून अंगणात भिरकावलं. "डाक्टरला सांगतो मी," तो म्हणाला. "पुन्यांदा ह्या दारात पाय ठिवू नगा." बाहेर कुजबुज सुरू झाली आणि रांग विस्कटली. माणसं आपापले नारळ परत घेऊन गेली.

बायडानं हातातला पंखा खाली ठेवला. "म्हंजी मी उगंच पाया पडलो व्हय?" ती भिंतीकडं बघून म्हणाली.

"जाते मी," मी जोतीरामला म्हणाले. "पण हे इंजेक्शन देऊन आणि ही जेवलेली बघून." बायडा आत गेली आणि ताट आणून पाटासमोर आदळलं.

"खा आता, म्हातारे."

मी सुई टोचली. अंबूबाईनं दुधात भाकरी कुस्करली. पहिला घास घेताना तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

"खातो बग," ती म्हणाली. "भ्या नगंस आता. मी काय मरत न्हाय."