आधी आई दाखवा

मी वळू बोलतोय. कृपा करून बैल म्हणू नका. बैल आणि वळू यांच्यात एका सुरीचा फरक असतो आणि ती सुरी मी अगदी जवळून पाहिली आहे.

माझा जन्म उरुग्वेच्या उत्तरेला, ताकुआरेम्बोच्या खडकाळ माळावर, झुल्माबाईंच्या कुरणात झाला. तांबडं अंग, पांढरं तोंड. बाकीच्या साठ वासरांतून मला वेगळं काढावं असं माझ्यात काहीही नव्हतं. आमच्याकडे गोठा नाही, पेंड नाही. पाऊस आला की भिजायचं, थंडीने गवत पिवळं पडलं की पिवळं खायचं. "गवतावर ज्याचं भागत नाही, त्याचं माझ्याकडे भागणार नाही," असं बाई म्हणायच्या, आणि तसंच वागायच्या.

मी सहा महिन्यांचा असताना शेजारपाजारचे लोक घोड्यांवरून जमले आणि आम्हा गोऱ्ह्यांना एकेक करून दोर टाकून पाडू लागले. एकजण तापलेल्या लोखंडाने मांडीवर डाग द्यायचा, दुसरा सुरी चालवायचा, आणि गोऱ्ह्याने जे काही गमावलं ते बादलीत पडायचं. दुपारी तेच निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून, सगळ्यांनी हसतखेळत खाल्लं. सण साजरा करायला माणसाला काय लागेल, सांगता येत नाही.

तीस गोऱ्ह्यांतल्या दोघांनाच सोडायचं होतं. बाईंचा भाचा फेर्मीन राजधानीत शिकून आलेला. त्याने सगळ्यात थोराड गोऱ्हा निवडला.

"आत्या, छाती बघ याची. उंची बघ."

"याची आई मागच्या वर्षी व्यायलीच नाही," बाई म्हणाल्या. "वर्षभर आराम करून पाजलंय तिने. थोराड दिसणारच."

"मग तुझा कुठला?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी चारी पाय बांधून आडवा पडलो होतो आणि सुरी वीतभर अंतरावर होती.

"हा? यात काय बघितलंस?"

"यात काही नाही. याची आई बघितली. सात वेळा व्याली, सातही वेळा हंगामाच्या पहिल्या तीन आठवड्यांत. एकदाही कुणाला हात लावावा लागला नाही."

मुकादम एलादियोने सुरी पुसली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "ऊठ बाबा. जाऊन आईच्या पाया पड."

मी पळत जाऊन दूध प्यायलो. त्या वयात तेवढंच सुचतं.

दोन वर्षांचा झाल्यावर पशुवैद्य टेप घेऊन आला. शिंपी छाती मोजतो, त्याने भलतंच काही मोजलं आणि आकडा मोठ्याने सांगितला. तिथे उभ्या असलेल्या पुरुषांनी आदराने माना डोलावल्या. माझ्या अकलेबद्दल कुणी काही विचारलं नाही.

मग काम सुरू झालं. उन्हाळ्याचे तीन महिने गायींबरोबर, उरलेले नऊ महिने नुसतं चरायचं. एलादियो कुंपणावर रेलून वाळक्या भोपळ्यातला कडू चहा नळीने चोखत म्हणायचा, "नऊ महिने सुट्टी. असली नोकरी मला कुणी दिली नाही." त्याची बायको त्यावर म्हणायची, "तुला टेप लावली नाही म्हणून."

फेर्मीनच्या थोराड वळूचं काय झालं, तेही सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा फेर्मीन त्याला आत्याच्या नकळत मका चारू लागला. वळू तुकतुकीत झाला. प्रदर्शनात त्याच्या गळ्यात पहिल्या नंबरची फीत पडली, आणि डोंगरापलीकडच्या ओलेगारियो नावाच्या म्हाताऱ्याने त्याला हौसेने नेलं.

तीन उन्हाळे असेच गेले. माझ्या थोरल्या मुली कालवडी झाल्या. ठेंगण्या, गोलमटोल, शांत. हिवाळ्यातही एकीचं हाड वर आलं नाही. फेर्मीनने सगळ्या पाहिल्या आणि टोपी काढली.

"आत्या, हरलो. यातली एकही विकायची नाही."

अभिमानाने माझी मान ताठ झाली.

"मग त्याला विकावं लागेल," बाई म्हणाल्या. "मुली पुढच्या उन्हाळ्यात माजावर येतील. कुरण एकच आहे, आणि हा त्यांचा बाप."

थोडक्यात, मुली वाईट निघाल्या तर वळू कत्तलखान्यात जातो आणि चांगल्या निघाल्या तर परक्या कुरणात. परकं कुरण मिळालं नाही, तर पुन्हा कत्तलखान्यातच. मला राहायचं होतं, एवढंच सांगतो. माझी आई अजून त्याच कुरणात होती.

त्याच आठवड्यात पशुवैद्याने गायी तपासल्या. अकरा वासरं दिलेली माझी आई पहिल्यांदाच गाभण राहिली नव्हती. बाई एलादियोला म्हणाल्या, "बाजूला काढ. गुरुवारच्या ट्रकमध्ये." ज्या नियमाने मी सुरीखालून सुटलो होतो, तोच नियम तिला लागला.

बुधवारी मला बघायला गिऱ्हाईक आलं. तोच ओलेगारियो.

"मागच्या खेपेला तुमच्या भाच्याकडून नेला, तो झाडाखाली बसून असायचा," तो म्हणाला. "मी फीत बघितली होती. या वेळी आधी आई दाखवा."

फेर्मीनने बाईंना बाजूला ओढलं. "मेली म्हणून सांग. गाभण नाही कळलं तर हा घेणार नाही, आणि यालाही उद्याच्या ट्रकमध्ये घालावं लागेल."

बाई ओलेगारियोला घेऊन सरळ कोंडवाड्याकडे चालू लागल्या.

"ही त्याची आई. अकरा वासरं दिली. यंदा राहिली नाही, उद्या जाणार."

ओलेगारियोने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"अकरानंतरही पाठवताय? एक वर्षाची सूट नाही?"

"कुणालाच नाही."

"मग याला घेतो," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "जी बाई अशा गाईला सूट देत नाही, तिने याला उगाच ठेवला नसणार."

आईला घालवलं, म्हणून मी टिकलो.

ट्रक एकच होता. मधे फळी होती. आईने फळीच्या फटीतून माझं नाक चाटलं, मी सहा महिन्यांचा असताना चाटायची तसंच. ओलेगारियोच्या फाटकाशी मला उतरवलं आणि ट्रक पुढे गेला. मी हंबरलो. लोक म्हणाले, नवी जागा आहे, रुळेल.

रुळलो. इथलं गवत बरं आहे, गायी मायाळू आहेत. पण तीन वर्षांत इथेही मुली मोठ्या होतील. त्या जरा कमी प्रतीच्या निघाव्यात, निदान एखाददुसरी तरी, अशी इच्छा मी रोज करून बघतो. काल पहिली जन्मली. कुणाची मदत न घेता जन्मली, पाच मिनिटांत उठून उभी राहिली. हुबेहूब माझ्या आईसारखी आहे.