कंपासपेटीतली हिरवी वायर

राजरत्न माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याची बोटं हार्मोनियमच्या पेटीवर मी बसवली. तोच एका रविवारी तालमीत मला म्हणाला, "काका, राग मानू नका. भीमजयंतीला तुम्ही समोर खुर्चीवर बसा. तुमचा सूर आता सुटतो."

मी चप्पल पायात सरकवली आणि कात्रपला घरी आलो. राग मानू नका म्हणे. मानला, चांगला मानला.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. पॉवर प्रेसच्या धडधडीत तिथेच कान गेले. कानाचं मशीन आहे, पण ढोलकी सुरू झाली की त्यात नुसता कलकलाट होतो. म्हणून ठरवलं, तालमीतल्या साउंडच्या मिक्सरमधून एक वायर घ्यायची, खिशात मावेल असा अॅम्प्लिफायर बांधायचा आणि हेडफोन लावून गायचं. बाराव्या वर्षापासून भीमगीतं गातोय. खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायला मी काय पाहुणा आहे?

"अहो, तयार मिळतं की दुकानात," बायको म्हणाली.

"मिळू दे, नीलिमा. हात अजून शाबूत आहेत माझे."

चार दिवसांत सर्किट जमवलं आणि यशोधराच्या शाळेतल्या जुन्या पत्र्याच्या कंपासपेटीत बसवलं. लेकीचं नाव अजून झाकणावर कोरलेलं आहे. हेडफोन लावला, तर आवाज फाटका. आवाज वाढवणारी चिप, म्हणजे आयसी, बदलला, तरी तेच. तिसरा घातला, तरी फाटकाच. शनिवारी सकाळी मी पेटी पिशवीत टाकली आणि उल्हासनगरला हरेशच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. आयसी त्याच्याकडूनच घेतले होते.

"डुप्लिकेट माल गळ्यात मारलास माझ्या."

हरेश सिंधी, बापाच्या गल्ल्यावर बसलेला. तो चिडला नाही. माझे तिन्ही आयसी त्याने स्वतःच्या बोर्डवर एकेक करून चालवून दाखवले. तिन्ही ठणठणीत. "महेंद्रदादा, माल ओरिजिनल है. तुमचं बोर्ड डब्यातून बाहेर काढा, बघू."

हेडफोनचं सॉकेट पेटीला नटाने आवळलेलं होतं. ते सोडवून बोर्ड काउंटरवर ठेवलं, आणि आवाज स्वच्छ आला. परत पेटीत आवळलं, की फाटका. हरेशने मीटर लावला आणि एका हिरव्या वायरवर बोट ठेवलं. बॅटरीच्या मायनसपासून निघून ती पेटीच्या पत्र्याला सोल्डरचा डाग देऊन जोडलेली होती.

"ये किसने लगाया?"

मीच. दुसरं कोण लावणार? या सर्किटमध्ये हेडफोनचं सॉकेट बॅटरीच्या मायनसवर नसतं, मधल्या व्होल्टेजवर असतं. सॉकेट पत्र्याला टेकलेलं आणि मायनसही पत्र्याला, मग दोन्ही एक झाले आणि आवाज फाटला. एवढं मला कळत नव्हतं असं नाही. पण पत्र्याची बॉडी दिसली की हात आपोआप अर्थिंगची हिरवी वायर शोधतो. कारखान्यात माझ्यासोबतचा शिवराम अर्थिंग नसलेल्या मशीनला चिकटला, तेव्हा मेन स्विच मी पाडला होता. उशीर झाला होता. त्या दिवसानंतर एकही बॉडी मी अर्थिंगशिवाय सोडली नाही.

"दादा, नऊ व्होल्ट आहे. कोण नाही मरत याच्यात," हरेश हळू आवाजात म्हणाला.

"माहितीय मला," मी म्हणालो. तरी आधी बॅटरी काढून बाजूला ठेवली. मग वायर कापली.

रविवारी तालमीत कोणाला न विचारता मिक्सरला वायर जोडली, कंपासपेटी खिशात टाकली आणि माइकसमोर जाऊन बसलो. राजरत्नने नजर चुकवली. ढोलकी सुरू झाली. ढोलकी वेगळी, हार्मोनियम वेगळी, सगळं कानात लख्ख. मी तोंड उघडलं आणि दुसऱ्याच ओळीला स्वतःला ऐकलं. सुराच्या खाली चाललो होतो, चांगलाच खाली.

राजरत्नने पेटी थांबवली. "काका, मी म्हणालो होतो ना..."

"खरं बोलत होतास. बेसूर होतो मी." मी हेडफोन नीट बसवला. "पण आता माझं मला ऐकू येतंय, म्हणून आता उठत नाही. घे परत, पहिल्यापासून."

मी स्वतःच सूर लावला, या वेळी वर धरून, आणि त्याची बोटं पेटीवर आली.